सरासरीचा सूर

‘आल्ले पोलीटिकर झिंट निश्त कोरुप्ट.’ शब्दशः अर्थ, सगळे राजकारणी भ्रष्ट नाहीत. जर्मन भाषाशास्त्रात हे उदाहरण गाजलेलं आहे. ‘आल्ले’वर आवाज चढवला, तसाच वर धरून ठेवला आणि ‘निश्त’वर खाली आणला, तर अर्थ होतो: काही भ्रष्ट असतील, पण सगळे नाहीत. हा चढउतार काढून टाका, आणि ‘एकूण एक राजकारणी स्वच्छ’ असाही अर्थ निघतो. त्या सुराची रेघ टोपीसारखी दिसते, म्हणून जर्मन अभ्यासक तिला ‘हूटकोंटूर’, म्हणजे टोपीची आकृती, म्हणतात.

मराठीत आपण हा घोळ एका अक्षरात मिटवतो: ‘सगळेच भ्रष्ट नाहीत.’ हा ‘च’ लिहिता येतो, म्हणून मशीनला दिसतो. जर्मन टोपी कागदावर उमटतच नाही. मजकूर वाचून दाखवणाऱ्या सॉफ्टवेअरची खरी परीक्षा इथे आहे.

जुन्या मॉडेल्सना याची जाण होती. जपानी संशोधक हिरोया फुजिसाकी यांची कल्पना साधी होती. वाक्यभर हळूहळू उतरणारी एक लाट, तिच्यावर जोराच्या शब्दांचे उंचवटे. लॉग स्केलवर दोन्हींची बेरीज केली की सुराची रेघ मिळते. बेर्न्ड म्यॉबियस यांनी ती जर्मनला लावली. त्यांचं पुस्तक १९९३चं. सारब्रुकनमधल्या ‘मेरी’ या सिस्टिममध्ये नियम ठरवायचे की कुठल्या शब्दावर चढ आणि कुठे उतार. आवाज पत्र्याचा वाटायचा, हे खरं. पण ‘इथे सूर का चढला?’ असं विचारलं, तर एखाद्या नियमाकडे बोट दाखवता यायचं.

मग न्यूरल मॉडेल्स आली. २०२०च्या ‘फास्टस्पीच २’मध्ये सुराचा अंदाज बांधणारा वेगळा भाग आहे आणि तो चुकांचे वर्ग काढून, त्यांची सरासरी कमी करत शिकतो. अडचण अशी की एकाच वाक्यात निम्मे लोक सूर चढवत असतील आणि निम्मे उतरवत असतील, तर सर्वांत कमी चूक मधल्या सपाट रेघेत असते. तसं कुणीच बोलत नाही. त्यानंतरची जनरेटिव्ह मॉडेल्स सरासरी काढत नाहीत, शक्यतांमधून एक उचलतात. सूर जिवंत होतो. पण बोलणाऱ्याला कुठला अर्थ हवा होता, हे त्यांना कोण सांगणार?

माझा मुख्य आक्षेप मात्र मोजपट्टीवर आहे. ऐकणाऱ्यांना वाक्य ऐकवतात आणि आवाज किती नैसर्गिक वाटला याला १ ते ५ गुण मागतात. आपल्या वाक्याची दोन्ही वाचनं नैसर्गिक आहेत. चुकीच्या वाचनालाही ५ मिळू शकतात. माझ्या रोजच्या कामात टेस्ट पास झाली आणि आउटपुट चुकीचं निघालं, तर आधी टेस्टवर शंका घेतात. इथेही तेच करायला हवं.

हा बारकावा फक्त अभ्यासकांसाठी नाही. स्क्रीन रीडरवर बातमी ऐकणाऱ्या अंध माणसासाठी तो सूर हाच मजकूर असतो. पत्र्याचा आवाज ऐकून तो निदान सावध राहायचा; गोड, आत्मविश्वासू आवाजावर तो शंका का घेईल?

म्हणून वाक्य ऐकवल्यावर प्रश्न बदला. ‘कसं वाटलं?’ नको. ‘यांच्या मते एखादा तरी राजकारणी भ्रष्ट असू शकतो का?’ असं विचारा. उत्तर हो किंवा नाही.