हजेरीपटाबाहेरचा कामगार : आरोग्य व निवृत्तिलाभविषयक संशोधनाची एक मर्यादा

कापड गिरण्यांतील कामगारांच्या आरोग्याचा अभ्यास आणि त्यांच्या निवृत्तिलाभांचा अभ्यास ही दोन निराळी क्षेत्रे मानण्याची प्रथा आपल्याकडे रूढ झाली आहे. पहिले क्षेत्र वैद्यकाचे, दुसरे अर्थशास्त्राचे व कायद्याचे. अभ्यासाच्या सोयीसाठी केलेली वाटणी म्हणून तीत गैर काही नाही. परंतु तिच्यामुळे एक विशिष्ट माणूस दोन्हीकडच्या कोष्टकांतून गळून पडत असेल, तर ती वाटणी तपासून पाहणे प्राप्त होते. हा माणूस म्हणजे पंचेचाळिशी-पन्नाशीच्या सुमारास धाप लागू लागल्यामुळे काम सोडून गेलेला कामगार होय. आरोग्याचा अभ्यासक गिरणीत येतो तेव्हा तो तेथे नसतो. निवृत्तिलाभांच्या अभ्यासकाला तो भेटतो, पण केवळ ‘नोकरी सोडली’ एवढ्या नोंदीच्या रूपाने.

या वाटणीचे मूळ विद्यापीठांत नसून प्रशासनात आहे. प्रा. बी. पी. अदारकर यांच्याकडे १९४३ साली सोपविलेले काम औद्योगिक कामगारांच्या आरोग्यविम्याची योजना आखण्याचे होते. वार्धक्याची तरतूद त्या कार्यकक्षेत नव्हती. त्यांच्या १९४४ च्या अहवालातून पुढे १९४८ चा राज्य विमा कायदा आला आणि २४ फेब्रुवारी १९५२ रोजी कानपूर व दिल्ली येथे योजनेस आरंभ झाला. त्याच वर्षी भविष्य निर्वाह निधीचा कायदा झाला व प्रथम ज्या सहा उद्योगांना तो लागू करण्यात आला त्यांत कापडउद्योग होता. कामगाराच्या आजाराचे एक कार्यालय आणि म्हातारपणाचे दुसरे, असे तेव्हापासून ठरून गेले. संशोधकांनी ही कार्यालये जशीच्या तशी स्वीकारली व त्यांच्या दप्तरांवरून आपापले विषय आखले. ज्याचे दप्तर त्याचा विषय, असा हा प्रकार आहे.

प्रथम आरोग्याकडची बाजू पाहू. कापसाच्या धुळीने होणारा बिसिनोसिस हा फुप्फुसाचा विकार ब्लोरूम व कार्डिंग या खात्यांत अधिक आढळतो. साप्ताहिक सुटीनंतर कामाच्या पहिल्या दिवशी छाती आवळल्यासारखी होणे व दम लागणे हे त्याचे विशेष लक्षण. लँकेशायरच्या गिरण्यांचा अभ्यास करणाऱ्या रिचर्ड शिलिंग यांनी १९५० नंतरच्या दशकात या विकाराच्या ज्या पायऱ्या ठरविल्या त्या मुख्यतः कामगाराला विचारलेल्या प्रश्नांवर आधारलेल्या होत्या: छाती कधीमधी भरते की प्रत्येक सोमवारी, केवळ सोमवारी की आठवड्याच्या इतर दिवशीही, आणि अखेरीस दम कायमचा जडला आहे काय. रोगाचे निदान कामगाराच्या स्वतःच्या सांगण्यावर उभे करणारी ही पद्धत साधी व सहज वापरता येण्यासारखी असल्याने जगभर स्वीकारली गेली, आणि ते योग्यच झाले. मात्र तिच्यात एक गोष्ट गृहीत धरलेली आहे, ती म्हणजे कामगार सोमवारी कामावर येतो. ज्याने गिरणी सोडली त्याला असा सोमवारच उरत नाही. शिवाय शेवटच्या पायरीवर पोहोचलेला कामगार हाच काम सोडण्याच्या सर्वांत जवळ असतो. म्हणून कामावर हजर असलेल्यांची तपासणी करून काढलेले प्रमाण हे रोगाचे प्रमाण नसून रोग होऊनही टिकून राहिलेल्यांचे प्रमाण असते.

हा आक्षेप नवा नाही. इंग्लंडमधील व्यवसायवार मृत्युसंख्येचा विचार करताना विल्यम ओगल यांनी १८८५ सालीच अशा तुलनेतील अडचणी दाखविल्या होत्या. कष्टाच्या धंद्यात अशक्त माणूस मुळात शिरतच नाही, आणि शिरलेला माणूस खंगला म्हणजे तो धंदा सोडून हलके काम धरतो. त्यामुळे तो धंदा आहे त्याहून निरोगी दिसतो. मुंबईचे डॉ. एस. आर. कामत व त्यांचे सहकारी यांनी १९८१ साली प्रसिद्ध केलेला अभ्यास या दृष्टीने वरच्या दर्जाचा आहे, कारण त्यात गिरणी कामगारांचा पाच वर्षे पाठपुरावा केला होता व बिसिनोसिस आणि इतर जुनाट श्वासरोग यांतील भेद स्पष्ट करण्याचा प्रयत्न होता. परंतु पंचवीस-तीस वर्षांची नोकरी व त्यानंतरचे आयुष्य यांपुढे पाच वर्षे ही मुदत अल्पच म्हणावी लागते.

निवृत्तिलाभांच्या बाजूला हा गळलेला कामगार सापडावयास हवा होता. कारण जो गिरणीतून जातो तो फंडाचा व ग्रॅच्युइटीचा अर्ज भरून जातो. तरीही तो सापडत नाही, आणि त्याचे कारण कायद्याच्या रचनेतच आहे, ही गोष्ट या विषयावरील लेखनात फारशी लक्षात घेतलेली दिसत नाही. १९७२ च्या ग्रॅच्युइटी कायद्याने सेवेच्या प्रत्येक पूर्ण वर्षाला पंधरा दिवसांच्या वेतनाइतकी रक्कम ठरविली व त्यासाठी पाच वर्षांच्या अखंड सेवेची अट घातली. मृत्यू किंवा अपघाताने वा रोगाने आलेले अपंगत्व असेल तर ही अट त्याच कायद्याने माफ केली. तरतूद उदार आहे. परंतु तिचा लाभ फक्त पाच वर्षांच्या आत गळणाऱ्याला. धुळीचा विकार बळावतो तो पुष्कळ वर्षांनी. पंधरा किंवा वीस वर्षे नोकरी झालेल्या कामगाराने ‘राजीनामा’ लिहिले काय किंवा ‘आजारामुळे असमर्थ’ लिहिले काय, रक्कम तीच. मग वैद्यकीय दाखल्याच्या खटपटीत तो का पडेल, आणि कारकून तरी ते कारण का नोंदवील? फंडाचेही तसेच. कायमच्या व संपूर्ण असमर्थतेमुळे निवृत्त होणाऱ्यास पूर्ण रक्कम काढण्याची मुभा होती, पण त्यासाठी डॉक्टरचा दाखला लागे. नोकरी सोडून ठरावीक काळ बेकार राहिल्यासही ती रक्कम मिळे व त्याला दाखला लागत नसे. माणूस सोपी वाट धरतो. १९९५ च्या निवृत्तिवेतन योजनेत अपंगत्वाबद्दल स्वतंत्र वेतन आहे, परंतु ते अपंगत्व कायमचे, संपूर्ण आणि नोकरीत असतानाच आलेले असावे लागते; हळूहळू चढत जाणारी धाप या चौकटीत क्वचितच बसते.

तात्पर्य, ज्या कागदांवर निवृत्तिलाभांचा अभ्यास उभा आहे त्यांत आजार लिहिण्याचे कोणालाच प्रयोजन नव्हते. अशा कागदांवरून ‘मुदतपूर्व रक्कम काढण्याची प्रवृत्ती’ मोजणे आणि ती कामगाराच्या अदूरदृष्टीच्या खात्यावर मांडणे हे शास्त्र नव्हे. ब्रिटनमधील अनुभवही असाच बोलका आहे. तेथे १९४१ साली बिसिनोसिसबद्दल भरपाई सुरू झाली तेव्हा धुळीच्या खात्यांतील किमान वीस वर्षांच्या नोकरीची अट होती. ही अट पुढे टप्प्याटप्प्याने शिथिल करावी लागली. अट होती तोवर वीस वर्षांच्या आत मोडलेला कामगार कायद्याच्या दृष्टीने रोगीच नव्हता.

यावर एक रास्त आक्षेप घेता येईल. मुंबईत १८ जानेवारी १९८२ रोजी सुरू झालेल्या संपानंतर व पुढे गिरण्या बंद पडत गेल्यावर असंख्य कामगारांची नोकरी त्यांच्या प्रकृतीशी संबंध नसलेल्या कारणांनी गेली. तेव्हा नोकरी सोडण्याला आजाराची खूण कसे मानावे? आक्षेप खरा आहे, आणि म्हणूनच कारणाची नोंद नसणे अधिक महागात पडते. त्या काळात संपाने गेलेला, बंदीने गेलेला आणि छातीने गेलेला हे तिघेही एकाच रकान्यात पडले. त्यांतील पुष्कळजण कोकणात, साताऱ्याकडे, कोल्हापुराकडे आपापल्या गावी परतले. तेथील दवाखान्यात म्हाताऱ्याच्या खोकल्याला विडी किंवा क्षय हे कारण चटकन सुचते. त्याने कार्डिंग खात्यात किती वर्षे काढली हे विचारले जाईलच असे नाही.

निवृत्तीनंतरचा माणूस संशोधनाच्या कक्षेत ठेवणे अशक्य आहे, असे मात्र मुळीच नाही. लंडनच्या व्हाइटहॉल अभ्यासात १९६७ ते १९७० या काळात सुमारे १८ हजार पुरुष सरकारी नोकरांची तपासणी झाली व पुढे राष्ट्रीय नोंदवहीच्या आधारे त्यांच्या मृत्यूंचा माग ठेवला गेला. मायकेल मार्मट व मार्टिन शिप्ली यांनी पंचवीस वर्षांच्या पाठपुराव्यानंतर १९९६ साली दाखवून दिले की, हुद्द्यागणिक दिसणारा मृत्युदरातील फरक निवृत्तीबरोबर संपत नाही. हा अभ्यास कचेरीतील नोकरांचा आहे. धुळीचा प्रश्न तेथे नाही, आणि त्याचे निष्कर्ष गिरणीला जसेच्या तसे लावणे चुकीचे होईल. घेण्याजोगी आहे ती त्याची रीत: नोकरी संपली म्हणून त्याने माणसाची नोंद संपू दिली नाही.

भारतात ही दृष्टी विद्यापीठाआधी न्यायालयाने दाखविली, हे नमूद केले पाहिजे. ॲस्बेस्टॉस उद्योगासंबंधीच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी १९९५ मध्ये कामगाराचा आरोग्याचा हक्क सेवाकाळात आणि निवृत्तीनंतरही जीविताच्या हक्कात समाविष्ट मानला. त्याचबरोबर प्रत्येक कामगाराची आरोग्यनोंद नोकरीच्या आरंभापासून चाळीस वर्षे किंवा नोकरी संपल्यापासून पंधरा वर्षे, यांपैकी जी मुदत नंतर संपेल तोपर्यंत, जपण्याचा आदेश दिला. रोग उशिरा प्रकट होतो हे या मुदतीत ओळखलेले आहे. आदेश ॲस्बेस्टॉसपुरता होता, आणि नोंद जपणे म्हणजे निवृत्ताची पुन्हा तपासणी करणे नव्हे. तरीही आरोग्याचे दप्तर व निवृत्तीचे दप्तर एकत्र वाचता येईल अशी सामग्री निर्माण करण्याची दिशा त्यात होती. कापसाच्या धुळीविषयी तशी मागणी अभ्यासकांकडून नेटाने पुढे यावयास हवी होती.

२०२० ची सामाजिक सुरक्षा संहिता २१ नोव्हेंबर २०२५ पासून अमलात आली असून तिने विमा, निधी व ग्रॅच्युइटी यांचे कायदे एका ग्रंथात बांधले आहेत. कायदा एक झाला तरी विमा महामंडळ व निधी संघटना या संस्था दोनच आहेत. त्याच वेळी अमलात आलेल्या श्रमसंहितांबरोबर चाळिशीपुढील कामगारांची दरवर्षी मोफत तपासणी करण्याचेही घोषित झाले आहे. या तपासणीचा अखेरचा कागद निवृत्तीच्या अर्जाला जोडला जाणार की नाही, आणि त्या अर्जावर नोकरी सोडण्याचे वैद्यकीय कारण लिहिण्यासाठी, रकमेत फरक पडत नसला तरी, एक रकाना असणार की नाही, याकडे पदव्युत्तर अभ्यासकाने आताच लक्ष दिले पाहिजे. कारण पुढील तीस वर्षांचे संशोधन ज्या सामग्रीवर चालावयाचे आहे तिचे नमुने सध्या छापले जात आहेत.