ज्यांची नावं कोरलेली नाहीत

वॉशिंग्टनमधल्या ‘व्हिएतनाम व्हेटरन्स मेमोरियल’मध्ये एक कोडं आहे आणि ते स्मारकाच्या नावापासूनच सुरू होतं. स्मारक माजी सैनिकांचं आहे. पण भिंतीवर कोरलेली ५८ हजारांहून अधिक नावं आहेत ती त्या युद्धात मेलेल्यांची आणि बेपत्ता झालेल्यांची. लढून घरी परतलेले, नोकरीला लागलेले, म्हातारे झालेले लाखो सैनिक या दगडावर दिसत नाहीत. मग ज्यांच्या नावे हे स्मारक आहे ते त्यात आहेत कुठे? याचं उत्तर कुठल्याही फलकावर लिहिलेलं नाही. जमिनीचा उतार, दगडाची झिलई आणि नावांचा क्रम या तिन्हींत मिळून ते दडलेलं आहे. तिन्ही गोष्टी सावकाश पाहिल्या की उलगडत जातात.

पार्श्वभूमी थोडक्यात अशी. व्हिएतनाममध्ये जखमी होऊन परतलेल्या जॅन स्क्रग्ज या पायदळाच्या सैनिकानं १९७९ मध्ये स्मारकाची कल्पना मांडली. पैसे लोकवर्गणीतून उभे राहिले. खुल्या स्पर्धेच्या अटींमध्ये दोन महत्त्वाच्या होत्या: मेलेल्या आणि बेपत्ता झालेल्या सगळ्यांची नावं असली पाहिजेत आणि युद्धाविषयी कसलंही राजकीय भाष्य नको. १,४२१ प्रवेशिका आल्या. परीक्षकांना फक्त क्रमांक दिसत होते. त्यांनी निवडलेली १०२६ क्रमांकाची प्रवेशिका येल विद्यापीठात शिकणाऱ्या २१ वर्षांच्या माया लिन यांची निघाली. १३ नोव्हेंबर १९८२ रोजी स्मारकाचं लोकार्पण झालं.

आधी जागा पाहू. स्मारक म्हटलं की मान वर करायची, ही आपली सवय. इथे पायच खाली उतरू लागतात. पायऱ्या नाहीत, कमान नाही, दार नाही. हिरवळीचा एक तुकडा हलकेच कलतो आणि त्याच्या कडेनं काळी भिंत सुरू होते. टोकाला तिची उंची जेमतेम आठ इंच, म्हणजे घोट्याच्या थोडी वर. चालत राहिलं की ती गुडघ्याला येते, कमरेला येते, छातीला येते आणि मधल्या कोनापाशी दहा फुटांवर जाते. मुळात भिंत उंच होतच नाही. तिचा माथा सगळीकडे जमिनीच्या पातळीलाच आहे, खाली जातो तो आपण. मागच्या बाजूनं येणाऱ्याला तर स्मारक दिसतही नाही, दिसतं ते सपाट गवत. इतकं मोठं बांधकाम एका बाजूनं पूर्ण अदृश्य ठेवायचं, याला केवढी हिंमत लागते!

आता कोन. दोन भिंती, प्रत्येकी जवळपास २४७ फूट लांब, १२५ अंशांच्या कोनात मिळतात. हा आकडा सहज सुचलेला नाही. एका भिंतीची रेघ मनानं पुढे ओढली तर ती लिंकन स्मारकाला जाऊन भिडते आणि दुसरीची वॉशिंग्टन यांच्या स्तंभाला. वॉशिंग्टन यांनी देश उभा केला, लिंकन यांनी यादवी युद्धात तो एकसंध राखला. या दोन पांढऱ्या, उंच, निर्विवाद स्मारकांच्या मध्ये एक काळं, खोलगट आणि वादग्रस्त युद्धाचं स्मारक आहे. त्या युद्धाचा निकाल काय लावायचा, हे लिन सांगत नाहीत. ते या देशाच्याच इतिहासाचं आहे, एवढं मात्र त्या दोन रेघांनी ठरवून टाकतात. अटींमध्ये भाष्याला बंदी होती. लिन यांनी ती तंतोतंत पाळली आणि जे म्हणायचं ते भूमितीकडून वदवून घेतलं.

दगड काळा ग्रॅनाइट आहे आणि तो आपल्याकडून, बंगळुरूच्या परिसरातल्या खाणींतून गेलेला आहे. व्हरमाँटमध्ये तो कापला गेला, मेम्फिसमध्ये त्यावर नावं उमटवली गेली. काळ्या रंगावरून तेव्हा रान उठलं होतं. काळा म्हणजे शरमेचा रंग, पांढरा दगड वापरा, अशी मागणी होत होती. जॉर्ज प्राइस या कृष्णवर्णीय सेनाधिकाऱ्यानं एका बैठकीत या युक्तिवादाला सडेतोड उत्तर दिलं आणि रंगाची चर्चा मिटली. पण रंगाइतकीच महत्त्वाची आहे ती झिलई. घासून घासून दगड आरशासारखा केला आहे. अक्षरं वाळूच्या झोतानं कोरलेली असल्यामुळे तेवढा भाग खरबरीत आणि करडा उरतो. परिणाम असा की भिंतीसमोर उभ्या माणसाच्या डोळ्याला निवड करावी लागते. अक्षरांवर नजर स्थिरावली की स्वतःचं प्रतिबिंब पुसट होतं. प्रतिबिंब पाहायला जावं तर नावं विरघळतात. दोन्ही एकाच वेळी स्पष्ट दिसत नाहीत. उत्तराचा पहिला धागा इथे हाती लागतो. माजी सैनिक या भिंतीवर कोरलेला नाही, पण तो समोर येऊन उभा राहिला की भिंतीत दिसतो, मेलेल्या सोबत्यांच्या नावांच्या मागे. त्याला पुतळ्यात कायमचा तरुण करून ठेवण्यापेक्षा, दरवेळी आहे त्या वयाचा दाखवणारा हा काळा आरसा कितीतरी अधिक प्रामाणिक आहे.

पण या कलाकृतीचं खरं काळीज नावांच्या क्रमात आहे. यादी वर्णानुक्रमे लावावी, असं अनेक माजी सैनिकांचंही म्हणणं होतं. शोधायला सोपं पडेल. लिन मात्र मृत्यूच्या तारखेप्रमाणे नावं लावण्यावर ठाम होत्या. प्रत्यक्ष यादी हाती आली तेव्हा त्यात एकट्या ‘स्मिथ’ आडनावाचे सहाशेहून जास्त लोक निघाले. आपल्याकडे पाटील-जाधव-शिंद्यांची रांग लागावी तसं ते झालं असतं. भिंतीची टेलिफोन डिरेक्टरी झाली असती आणि माणूस आडनावात हरवला असता. तारखेच्या क्रमात उलट घडतं. एकाच चकमकीत, एकाच दिवशी पडलेले सोबती दगडावरही शेजारी-शेजारी राहतात. आता माजी सैनिकाचा विचार करा. व्हिएतनाममध्ये साधारण एक वर्षाची नेमणूक असे. म्हणजे भिंतीचे ठरावीक काही पट्टे हे त्याचं वर्ष. तिथे उभं राहून तो म्हणू शकतो, इथून इथपर्यंत मी तिथे होतो. त्याचं नाव कुठेच नाही, पण त्याचा काळ कोरलेला आहे. मेलेल्यांची यादी हीच जिवंतांची दिनदर्शिका व्हावी, ही योजना केवळ क्रम बदलून साधली आहे. एक अक्षरही जास्त कोरलेलं नाही.

त्या क्रमाची सुरुवात कुठे, हेही बारकाईनं पाहण्यासारखं आहे. कुणीही डाव्या टोकापासून सुरू करून उजव्या टोकाला संपवलं असतं. लिन यांनी १९५९ हे साल मधल्या कोनात, पूर्वेकडच्या भिंतीच्या माथ्यावर ठेवलं. तिथून नावं उजवीकडे जात जात भिंतीबरोबर जमिनीत विरतात. मग ती पश्चिमेकडच्या टोकाला, जिथे भिंत पुन्हा जमिनीतून उगवते, तिथे वर येतात आणि कोनाकडे चालत येऊन १९७५ पाशी थांबतात. आवर्तन जिथून उठलं तिथेच समेवर यावं, तसे युद्धाचा आरंभ आणि शेवट एकमेकांना खेटून उभे राहतात. मधल्या सांध्यापाशी उभं राहून दोन्ही हात पसरले की एक हात सुरुवातीवर पडतो, दुसरा अखेरीवर.

याचा एक परिणाम बहुतेकांच्या लक्षात येत नाही. भिंतीची उंची हा बळींचा आलेख नाही. कोनातल्या उंच पट्ट्यांवर शंभराहून जास्त ओळी मावतात, आणि युद्धाच्या सुरुवातीला व शेवटाला माणसं तुलनेनं कमी पडत होती. त्यामुळे तिथे एकाच पट्ट्यात काही वर्षं बसतात. टोकांचे पट्टे बुटके. काहींवर मोजक्याच ओळी. दोन्ही टोकं १९६८ च्या २५ मे या तारखेपाशी येतात आणि ते या युद्धातलं सर्वांत रक्तरंजित वर्ष. तिथे एका दिवसाची नावं संपवायलाच पट्ट्यांमागून पट्टे लागतात. म्हणजे कोणत्याही टोकानं शिरलात तरी तुम्ही थेट १९६८ च्या ऐन धुमश्चक्रीत पाऊल टाकता. प्रस्तावना नाही, कारणमीमांसा नाही. युद्धात शिरणाऱ्या कोवळ्या सैनिकाचीही हीच गत होती: कुणीतरी सुरू केलेल्या गोष्टीच्या मध्यावर तो जाऊन पडत असे. ही अनुभूती निव्वळ मांडणीतून देणं म्हणजे वास्तुरचनेनं कथनाचं काम करणं होय.

अक्षरांकडे वळू. टंक आहे ‘ऑप्टिमा’, हर्मान झाफ यांचा. फ्लॉरेन्सच्या सांता क्रोचे चर्चमध्ये फरशीत बसवलेल्या जुन्या थडग्यांवरची अक्षरं पाहून झाफना तो सुचला होता. रोमन शिलालेखाचा डौल त्यात आहे, पण अक्षरांच्या टोकांना शेपट्या नाहीत. रेषा शेवटाकडे किंचित रुंदावते, एवढंच. थडग्यावरून आलेलं अक्षर पुन्हा स्मृतिशिळेवर परतावं, हा योग छान आहे. अक्षराची उंची अर्ध्या इंचाच्या आसपास. एवढ्या प्रचंड भिंतीवर इतकं बारीक अक्षर? हेच मर्म आहे. दुरून वाचता येत नाही, म्हणून माणूस जवळ येतो. जवळ आला की बोट आपोआप अक्षरावर जातं. कागद ठेवून पेन्सिल घासत नावाचा ठसा घेणारे लोक इथे नेहमी दिसतात. हुद्दा नाही, रेजिमेंट नाही, गाव नाही, पदक नाही. अधिकारी आणि शिपाई एकाच मापाच्या अक्षरात आहेत. मान देण्यासाठी अक्षर मोठं करावं लागत नाही, ते हाताच्या टप्प्यात आणावं लागतं, हे लिन यांनी एकविसाव्या वर्षी ओळखलं होतं.

आपल्या परंपरेशेजारी ठेवून पाहिलं तर हे वेगळेपण आणखी ठसतं. आपल्या वीरगळांवर खालच्या कप्प्यात झुंज, त्यावर वीराला नेणाऱ्या अप्सरा, वर शिवलिंगाची पूजा आणि माथ्यावर चंद्र-सूर्य असतात. मरणाचा सगळा प्रवास दिसतो, पण बहुतेक वेळा नाव नसतं. पहिल्या महायुद्धानंतर गावोगावी बसवलेल्या छोट्या संगमरवरी पाट्यांवर या गावातून इतके गेले, त्यांतले इतके कामी आले, एवढाच हिशेब. लिन यांच्या भिंतीवर झुंजीचं चित्र नाही, स्वर्ग नाही आणि एकूण आकडाही कुठे कोरलेला नाही. आहेत ती जवळपास फक्त नावं. मोजदाद पायांनी करायची.

प्रत्येक नावाजवळ एक बारीक खूण असते. मृत्यू निश्चित झाला असेल तर चौकट, बेपत्ता असेल तर फुली. अवशेष सापडून ओळख पटली की फुलीवरच चौकट कोरतात. आणि बेपत्ता माणूस जिवंत परतला तर फुलीभोवती वर्तुळ काढायचं, अशीही तरतूद आहे. दगड म्हणजे कायमचं, अशी आपली समजूत. इथे दगडाच्या लिपीतच दुरुस्तीची सोय केलेली आहे. उशिरा मान्यता मिळालेली नावंही जिथे जागा सापडेल तिथे कोरली जातात, मग तारखेची शिस्त मोडली तरी चालेल. शिस्तीचा इतका कडक आग्रह धरणाऱ्या रचनेनं माणसासाठी ती मोडू द्यावी, यात तिचा मोठेपणा आहे.

नुसती भिंत ज्यांना पुरेशी वाटली नाही, त्यांच्या आग्रहाखातर फ्रेडरिक हार्ट यांचा तीन सैनिकांचा ब्राँझ पुतळा १९८४ मध्ये आला. तो ऐन कोनातच हवा, अशी मागणी होती. नशीब असं की तो बाजूला, झाडांजवळ उभा राहिला. तिथून ते तिघं थकल्या डोळ्यांनी भिंतीकडे बघतात. जो पुतळा भिंतीवर तोडगा म्हणून आणला, तो तिचाच एक प्रेक्षक होऊन बसला. १९९३ मध्ये ग्लेना गुडएकर यांचं परिचारिकांचं शिल्प आलं. भिंतीवर आठ स्त्रियांची नावं आहेत. दोन्ही शिल्पं प्रामाणिक आहेत. तरी सैनिक कसा दिसत होता, एवढंच ती सांगतात. त्याचं पुढे काय झालं, हा प्रश्न भिंतीकडेच राहतो.

आपल्याकडे स्मारकाची चर्चा किती फूट उंच यापाशी सुरू होते आणि बहुधा तिथेच संपते. या भिंतीसमोर तो निकषच लंगडा पडतो. तिनं माजी सैनिकाला चौथऱ्यावर चढवलेलं नाही. तिनं त्याला काम दिलं आहे. दोन नावांच्या मधल्या अर्ध्या इंचात त्या दुपारी काय घडलं, हे त्याच्याखेरीज कुणाला ठाऊक नाही. नातवंडांना सोबत आणायचं, आपलं वर्ष शोधायचं आणि एकेका नावामागचा माणूस सांगायचा. ज्याला आजवर कुणी काही विचारलं नव्हतं, त्याला बोलायला लावणारी रचना हाच त्याचा खरा सन्मान. आणि तो करायला त्याचं नाव कोरावं लागलं नाही.