गर्भाशय-अंतःस्तर निर्मूलनाची उपकरणे : सुलभता आणि सुरक्षितता

अतिरिक्त रजःस्रावाने त्रस्त असलेल्या व अपत्यप्राप्तीची इच्छा नसलेल्या स्त्रियांसाठी गर्भाशय काढून टाकण्याला पर्याय म्हणून त्याचा अंतःस्तर नष्ट करण्याची उपचारपद्धती रूढ झाली. या उपकरणांच्या मूल्यमापनात ‘सुलभ’ आणि ‘सुरक्षित’ हे शब्द बहुधा जोडीनेच योजले जातात. त्यांचे परस्परसंबंध मात्र तपासून पाहणे आवश्यक आहे.

पहिल्या पिढीतील पद्धतीत शल्यचिकित्सक दुर्बिणीतून पाहत विद्युत्‌प्रवाहाच्या साहाय्याने अंतःस्तर कापत वा जाळत असे. तिला दीर्घ सराव लागे. गर्भाशय प्रसरण पावावे म्हणून वापरलेले ग्लायसीनचे द्रावण रक्तात अधिक शोषले गेल्यास सोडियमची पातळी घसरून रुग्णाच्या जिवास धोका निर्माण होई. 1997 मध्ये अमेरिकेत मान्यता मिळालेल्या थर्माचॉइसमध्ये फुग्यातील द्रव सुमारे 87 अंश सेल्सिअसपर्यंत तापवून 8 मिनिटांत हे कार्य साधले जाई. 2001 मध्ये मान्यता मिळालेले नोव्हाशुअर रेडिओ-लहरींच्या ऊर्जेने ते साधारण दीड मिनिटात करते. नव्या पिढीच्या उपकरणांनी वेळ वाचविला, स्थानिक भूल पुरेशी ठरण्याची शक्यता वाढविली आणि द्रव-शोषणाचा धोका बव्हंशी दूर केला, हे निर्विवाद आहे.

तथापि या सुलभतेचे मूल्य दृष्टीने चुकवावे लागले. अशा बहुतेक उपकरणांत ऊर्जा सोडली जात असताना गर्भाशयाचा अंतर्भाग दिसत नाही. नोव्हाशुअर कार्बन डायऑक्साइड वायूच्या दाबाने भित्तिकेला छिद्र नसल्याची खात्री करून घेते; परंतु ही चाचणी चिकित्सकाच्या विवेकाची जागा घेऊ शकत नाही. छिद्र लक्षात न आल्यास उष्णता आतड्यापर्यंत पोहोचते. उलटपक्षी, हायड्रो थर्मॲब्लेटरमध्ये दुर्बीण असते, पण त्यात गरम सलाइन गर्भाशयात मुक्तपणे फिरत असल्याने ते गळून योनिमार्ग भाजण्याची शक्यता उरते. एक जोखीम टाळताना दुसरी स्वीकारावी लागते, असे दिसते.

यंत्राच्या कक्षेबाहेरचे प्रश्न तर अधिक मूलगामी आहेत. पूर्वतपासणीत कर्करोगाची शक्यता वगळली होती काय? गर्भाशयावरील पूर्वीच्या शस्त्रक्रियेचा विचार झाला होता काय? ही पद्धत संततिनियमनाचे साधन नव्हे आणि तिच्यानंतर राहणारी गर्भधारणा धोकादायक असते, हे रुग्णेला समजावून सांगितले होते काय? यांपैकी एकाही प्रश्नाचे उत्तर उपकरण देत नाही.

म्हणून सुलभतेचा निकष केवळ चिकित्सकाच्या सोयीवरून ठरविणे अपुरे आहे. हाताळणी जितकी सोपी, तितकी रुग्णनिवडीची शिस्त कठोर असावयास हवी.