सोवळे आणि क्षमा : ‘स्मृतिचित्रे’च्या निमित्ताने

ख्रिस्ती श्रद्धेतील क्षमेचा विचार करताना पापी माणसापेक्षा स्वतःला नीतिमान समजणारा माणूसच अधिक अवघड ठरतो. लूककृत शुभवर्तमानाच्या पंधराव्या अध्यायात उधळ्या मुलाने तोंड उघडण्यापूर्वीच बाप धावत जाऊन त्याच्या गळ्यात पडतो; दाराबाहेर अडून राहतो तो आज्ञाधारक थोरला. तो अखेर आत गेला की नाही, हे कथा सांगत नाही. आपल्या परिभाषेत हा पंक्तिभेदाचा प्रश्न होय. येशू पाप्यांच्या पंक्तीला जेवतो, हीच तर परूश्यांची तक्रार होती!

लक्ष्मीबाई टिळकांच्या ‘स्मृतिचित्रे’ची (१९३४–३६) थोरवी समीक्षकांनी बहुधा विनोदात आणि निरागसतेत शोधली. या विनोदाने काय पेलले आहे, याची चौकशी त्यामानाने कमी झाली. वडिलांचे पराकोटीचे सोवळे त्या रंगवून सांगतात. परंतु त्यांना ढोंगी ठरवीत नाहीत. आजोबांना १८५७ च्या धामधुमीत झालेल्या फाशीशी त्या हे सोवळे जोडतात. म्हणजे शुद्धतेच्या अहंकारामागे त्यांना भय दिसते. पुढे १० फेब्रुवारी १८९५ रोजी नारायण वामन टिळकांनी बाप्तिस्मा घेतला आणि सुमारे पाच वर्षांची ताटातूट झाली. पुन्हा एकत्र आल्यावरही ख्रिस्ती घरात लक्ष्मीबाईंचे सोवळे चालूच होते. जातिभेद मनुष्यकृत आहे हे उमगल्यावर त्या कोणाच्याही हातचे अन्नपाणी घेऊ लागल्या. १९०० मध्ये त्यांचा बाप्तिस्मा झाला. परूशी त्यांनी प्रथम स्वतःत ओळखला, हे येथे महत्त्वाचे.

मग टिळकांना केलेल्या क्षमेचे काय? अंबरनाथ-बदलापूरकडच्या वर्गांत हे पुस्तक शिकविताना विद्यार्थिनी नेमका हाच प्रश्न विचारतात. ‘त्या काळच्या पतिव्रता’ हे उत्तर त्यांना पटत नाही आणि ते पटूही नये. कारण पतीचा संताप, संसाराविषयीची बेफिकिरी, न सांगता केलेले धर्मांतर, यांतले काहीही लक्ष्मीबाईंनी झाकलेले नाही. अपराधाची नोंद पुरी ठेवूनही कटुता सोडणे ही विस्मृती नव्हे. एक गोष्ट मात्र मान्य करावी लागते. १९१९ मध्ये निवर्तलेल्या टिळकांना या कथनात स्वतःची बाजू मांडता येत नाही, आणि काही प्रसंगी विनोद इतक्या लवकर येतो की त्यामागचा आकांत वाचकाला ऐकूच येत नाही. तेथे क्षमा झाली की केवळ विषय बदलला, हे प्रस्तुत लेखकाला अद्याप ठरविता आलेले नाही.