हजेरी आणि होकार

५ डिसेंबर २०२४. आझाद मैदानावर मुख्यमंत्र्यांचा शपथविधी चालू होता. कळव्यातील आमच्या चाळीत टीव्ही लागलेला होता. त्याच्याकडे पाठ करून बाया उद्या चैत्यभूमीवर वाटायच्या पुऱ्या लाटत होत्या.

बार्क ही संस्था निवडक घरांत मापकयंत्रे बसवते. ज्याने आपले बटण दाबले, तो प्रेक्षक! घराचा वर्ग ठरतो तो कर्त्याच्या शिक्षणावरून आणि घरातील वस्तूंवरून. जाहिरातदाराला एवढे पुरते. परंतु हाच आकडा लोकसंमती म्हणून मिरवला जातो, तेव्हा आपण विचारले पाहिजे : यंत्राला हजेरी कळते, होकार कळतो काय?

६ डिसेंबरला आम्ही लोकलने दादरला गेलो. रांगेतल्या त्या लाखोंच्या हाती कोणतेच बटण नव्हते.