आगर आणि शिंपणे : कोकणातील बागेच्या चित्रणाविषयी काही विचार

रत्नागिरी जिल्ह्याची पार्श्वभूमी असलेल्या मराठी कादंबरीची चर्चा निघाली की माडापोफळींच्या बागांचा उल्लेख ओघानेच येतो. समीक्षक बहुधा त्या वर्णनाला ‘निसर्गवर्णन’ या सदरात टाकतो, लेखकाच्या रंगदृष्टीची प्रशंसा करतो आणि पुढे स्वभावचित्रणाकडे वळतो. ही वाटणी वरवर सोयीची असली तरी ती मुळातच सदोष आहे. आगर हा निसर्ग नव्हे. ती मनुष्याची कृती आहे. सह्याद्री, खाडी आणि समुद्र यांना मनुष्याच्या हाताची अपेक्षा नसते. पोफळीला मात्र एका उन्हाळ्यात पाणी मिळाले नाही, तर पिढीची कमाई वाळून जाते. ज्या वस्तूचे अस्तित्व रोजच्या कष्टावर अवलंबून आहे, तिला देखावा मानून केलेले वाचन अपुरे ठरते, असा प्रस्तुत विवेचनाचा आशय आहे.

प्रथम ‘आगर’ या शब्दाची व्याप्ती लक्षात घ्यावी. माडापोफळींच्या बागेला आगर म्हणतात, तसेच जेथे मीठ पिकते ती जागाही मिठागर होय. आणि ‘गुणांचे आगर’ हा प्रयोग तर सर्वांच्या परिचयाचा आहे. तिन्ही ठिकाणी साठा व उत्पत्ती हा अर्थ समान आहे. तथापि मिठागर आणि बाग यांच्या बाबतीत ही उत्पत्ती आपोआप होत नाही, हे भाषेला ठाऊक असूनही समीक्षेच्या नजरेतून निसटले आहे.

या प्रदेशाचा एक विरोधाभास असा की येथे वर्षाला तीन हजार मिलिमीटरांहून अधिक पाऊस पडतो आणि तरीही जवळजवळ अर्धे वर्ष बाग शिंपावी लागते. जांभ्या दगडाची जमीन पाणी धरून ठेवत नाही. चैत्र-वैशाखात विहिरी तळाला जातात. पोफळीची मुळे उथळ असल्यामुळे तिला दर तीन-चार दिवसांनी पाणी हवे असते. विजेचे पंप येण्यापूर्वी रहाट बैलाने वा रेड्याने ओढायचा, कोठे तो माणसाने पायाने फिरवायचा. ते पाणी पाटांतून आळ्यांपर्यंत न्यायचे. याखेरीज गडगे सावरणे, पातेरा गोळा करणे, शेणखत घालणे, माडाला गेंड्या भुंगा लागला आहे काय ते पाहणे, पावसाळा लागण्यापूर्वी पोफळीच्या घोसांवर कोळेरोगासाठी बोर्डो मिश्रण फवारणे, वानरांना हाकणे ही कामे आहेतच. उंच माडावर चढणारा पाडेली वेळेवर मिळाला नाही, तर पक्व नारळ डोक्यावर पडण्याची वाट पाहावी लागते.

एवढे ओझे असूनही माणसे बाग का राखतात, याचे उत्तर केवळ उत्पन्नात सापडत नाही. माडाच्या सावलीत पोफळ, पोफळीवर मिरवेल, खाली केळ, अननस आणि अळू अशी ही रचना मजल्यामजल्यांची असते. घराच्या मागीलदारी पाऊल टाकले की स्वयंपाकाची निम्मी सामग्री हाताशी येते. जुन्या जातीचा माड फळायला सहा-आठ वर्षे घेतो आणि पुढे साठ-सत्तर वर्षे देत राहतो. म्हणजे लावणारा हा बहुशः नातवंडांसाठी लावीत असतो. या काळाच्या जाणिवेत एक प्रकारचे समाधान आहे, आणि त्याच जाणिवेत बंधनही आहे. आजोबांनी लावलेले झाड सुकू देणे हे नुकसान तर खरेच, पण त्याहून अधिक तो उपमर्द वाटतो. बागेचा आनंद आणि बागेचा भार या दोन भिन्न गोष्टी नसून एकाच नात्याची ती दोन नावे आहेत.

या नात्याचे नैतिक अंग साने गुरुजींनी ‘श्यामची आई’ (१९३५) या पुस्तकात सहजपणे टिपले आहे. दापोली तालुक्यातील पालगडच्या या आठवणींत ‘मुकी फुले’ नावाचे एक प्रकरण आहे. फुले आधी मिळावीत म्हणून कळ्याच तोडून आणणाऱ्या श्यामला तेथे फुलाला झाडावर उमलू देण्याची शिकवण मिळते. या प्रसंगाकडे बालसंस्काराची गोष्ट म्हणून पाहिले जाते, आणि ते चुकीचे नाही. परंतु त्यामागे बाग राखणाऱ्या संस्कृतीचा एक मूळ नियम आहे : जे आपल्या हातून वाढते त्यावर आपली सत्ता पूर्ण नसते. हे घर कर्जापायी हळूहळू खचत जाते, हे ध्यानी घेतल्यास त्या शिकवणीला अधिकच गहिरा अर्थ येतो.

श्री. ना. पेंडसे यांच्या कादंबऱ्यांत प्रश्नाचे स्वरूप बदलते. दापोली तालुक्यातील मुर्डी हे त्यांचे जन्मगाव; हर्णै-आंजर्ल्याचा परिसर त्यांच्या लेखनाला सतत आधारभूत राहिला. ‘गारंबीचा बापू’ (१९५२) मधील बापू हा खोताच्या पदरी राबणाऱ्या विठोबाचा मुलगा आहे. हे एकच सत्य डोळ्यांपुढे ठेवून कादंबरी वाचली, तर गारंबीच्या झाडांची शोभा दुभंगते : एक झाडे ज्याच्या मालकीची त्याची, दुसरी ज्याच्या अंगमेहनतीने ती जगली त्याची. बापूचा बंडखोरपणा हा केवळ स्वभावविशेष नव्हे. तो या दुभंगातून उगवलेला आहे. मुंबई राज्यात खोती नष्ट करणारा कायदा १९४९ मध्ये झाला आणि ही कादंबरी त्यानंतर तीनच वर्षांनी प्रसिद्ध झाली, हा योग अभ्यासकांनी दुर्लक्षू नये. पुढे ‘तुंबाडचे खोत’ (१९८७) या द्विखंडात्मक कादंबरीत जगबुडीच्या काठच्या खोत घराण्याचा पिढ्यान्‌पिढ्यांचा उत्कर्ष आणि ऱ्हास येतो; तेथे वारसा हा भोग आणि भोगवटा या दोन्ही अर्थांनी समोर उभा राहतो.

‘रथचक्र’ (१९६२) या कादंबरीची नायिका अनामिक आहे. लेखक तिला केवळ ‘ती’ म्हणतो. मुलांच्या शिक्षणासाठी एकत्र कुटुंबातील आपले स्थान सोडण्याचा तिचा निर्धार हा कथेचा कणा होय. कोकणी घराच्या मागीलदारचा नित्याचा भार सामान्यतः स्त्रीच्याच वाट्याला येत असे, पण वाटणीच्या कागदावर तिचे नाव क्वचितच येत असे. या पार्श्वभूमीवर नायिकेला नाव न देणे ही केवळ तंत्राची युक्ती उरत नाही. ज्या घरात आपली नोंदच नाही, ते घर सोडताना काय मागे राहते आणि काय राहत नाही, हा प्रश्न त्या अनामिकतेने वाचकापुढे ठेवला आहे.

येथे एक आक्षेप संभवतो. कादंबरी ही कृषिविषयक पुस्तिका नव्हे. शिंपण्याचा तपशील नसल्याने कलाकृतीचे काय उणे होते? आक्षेप रास्त आहे. कादंबरीकाराने पाटाच्या पाण्याचा हिशेब द्यावा अशी अपेक्षा कोणी करणार नाही. परंतु समीक्षकाला तो हिशेब ठाऊक असला पाहिजे, कारण त्यावाचून पात्रांचे हट्ट त्याला विक्षिप्तपणा वाटतील आणि चार झाडांवरून पिढ्यान्‌पिढ्या चालणारे भाऊबंदकीचे दावे केवळ विनोदाचा विषय ठरतील. देशावरच्या परंपरेत सावता माळी यांनी आपल्या मळ्यातील श्रमालाच भक्तीचे रूप दिले. तेथे राबणारा आणि रमणारा एकच आहे, म्हणून ती प्रतिमा अखंड राहते. रत्नागिरीच्या आगरात हे दोघे बहुधा वेगळे होते. ही प्रतिमा अखंड नाही, आणि तिचे नाट्य त्या भेगेतच आहे.

हा प्रश्न केवळ जुन्या ग्रंथांपुरता उरलेला नाही. ३ जून २०२० रोजी निसर्ग चक्रीवादळ रायगड जिल्ह्याच्या किनाऱ्यावर आदळले आणि दापोली-मंडणगड तालुक्यांतील माडापोफळी हजारोंच्या संख्येने उन्मळून पडल्या. पेंडशांच्या साहित्याची जन्मभूमी असलेला पट्टा त्यातच आला. भात एका हंगामात पुन्हा उभे राहते. पोफळ लावल्यापासून पाच-सात वर्षे फळ देत नाही, आणि तिच्या कोवळ्या खोडाला उन्हापासून जपणारी सावलीही त्याच वादळात गेलेली असते. घराचे मालक पुष्कळदा मुंबईत, राखणीला अनेक ठिकाणी नेपाळहून आलेले मजूर, पंपाने शिंपणे सुकर झालेले पण झाडावर चढणारा हात दुर्मीळ, अशा स्थितीत पुन्हा लावावे की सोडून द्यावे, हा निर्णय आर्थिक तर आहेच. परंतु आपण कोणासाठी लावतो हा जुनाच प्रश्न त्यात पुन्हा उभा राहतो.

म्हणून यापुढे कोकणातील बागेचे वर्णन समोर आले की अभ्यासकाने तीन गोष्टी विचाराव्यात : हिला पाणी कोण घालतो, हिचे फळ कोण खातो आणि ही कोणाच्या नावावर जाणार आहे. या तिन्ही प्रश्नांचे उत्तर एकच व्यक्ती असेल, तर ते वर्णन सुखाचे मानावे. उत्तरे निरनिराळी असतील, तर त्या हिरव्या छायेखाली कथेचा संघर्ष आधीच सुरू झालेला असतो, आणि त्यापुढे त्याला निसर्गवर्णन म्हणणे न्याय्य होणार नाही.