कळफलकावरची वर्णमाला

चांगला संगणकखेळ नियमांची पुस्तिका वाचायला लावत नाही. खेळता खेळता नियम आपोआप उलगडतात. हीच कसोटी आपण शाळेतल्या मराठी टंकलेखनाला लावून पाहू.

‘बीड’ हा शब्द घ्या. रोमन अक्षरांतून तो लिहिताना मुलापुढे प्रश्न उभे राहतात: वेलांटी पहिली की दुसरी? ‘डी’ म्हणजे द की ड? मराठी लिहिण्यासाठी आधी इंग्रजी स्पेलिंग जुळवावे लागते. ज्याला इंग्रजी अवघड, त्याला मग संगणकच अवघड वाटू लागतो. दोष मात्र साधनाचा असतो.

१९८६ साली केंद्र सरकारच्या इलेक्ट्रॉनिकी विभागाने प्रमाण ठरवलेला इनस्क्रिप्ट कळफलक पाहा. डावीकडे स्वर, उजवीकडे बहुतेक व्यंजने. क-ख एका कळीवर, त-थ एका कळीवर. शिफ्ट दाबली की महाप्राण. ‘बीड’ला तीनच कळा, शिफ्ट एकदाही नाही. वर्णमाला येणाऱ्या मुलाला अर्धा नियम आधीच ठाऊक असतो!

उणिवा आहेतच. ‘शिरूर’मधली पहिली वेलांटी दिसते श च्या आधी, पण कळ दाबायची नंतर. उच्चाराचा क्रम सांगितला की हे पटते. मोठी उणीव वेगळी: बहुतेक कळफलकांवर देवनागरी अक्षरे छापलेलीच नसतात. नियम सुंदर, पण दिसत नाही.

तेव्हा वर्गात पुठ्ठ्याचा कळफलक करा. त्यावर फक्त क, त, प लिहा आणि ख, थ, फ कुठे असतील ते मुलांनाच शोधू द्या.